किल्ला लेबलवर, माड कुठे?

पेल्यातला प्रदेश : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण गोव्याच्या फेणीची गोष्ट पाहिली. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला राज्याच्या वारशात मानाची जागा दिली. त्यावर वसईकराच्या मनात एक प्रश्न येणारच. पोर्तुगीज इथेही दोनशे वर्षं होते. माड इथेही आहेत, माडी काढणारे भंडारी इथेही आहेत. मग वसईच्या नावाची एकही बाटली का नाही? उद्या इथल्या एखाद्या तरुणाने स्थानिक इतिहासावर बेतलेलं अपेरिटिफ बाजारात आणायचं ठरवलं, तर त्याच्या हाती नेमकं काय लागेल?

आधी अपेरिटिफ म्हणजे काय ते पाहू. जेवणाआधी थोडंसं घ्यायचं, भूक चाळवणारं, कडवट चवीचं हलकं मद्य. इटलीतल्या तुरिनमध्ये अंतोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने १७८६ मध्ये व्हर्मुथ विकायला सुरुवात केली, तिथून या धंद्याला आजचं रूप आलं असं मानतात. कांपारी १८६० ची, आपेरोल १९१९ चं. व्हर्मुथची कृती ऐकायला सोपी आहे. वाइन घ्यायची, तिच्यात थोडा मद्यार्क घालून तिला टिकाऊ करायचं, मग साली, मुळ्या, पानं, मसाले त्यात मुरवायचे, साखर घालायची, गाळून काही काळ ठेवून द्यायचं. युरोपीय संघाच्या नियमानुसार व्हर्मुथमध्ये किमान ७५ टक्के वाइन लागते आणि मद्यार्काचं प्रमाण १४.५ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान असावं लागतं. जीव असतो तो कडूपणात. तिकडे दवणा-कुळातला वर्मवुड, जेन्शियनची मुळी किंवा सिंकोनाची साल वापरतात. आपल्याकडे काडेचिराईत आणि गुळवेल आहेत. तापात आजीने पाजलेला काढा ज्याला आठवतो, त्याला कडूची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

आता इतिहास. वसईवर काहीही काढायचं म्हटलं की सगळ्यांचा हात आधी किल्ल्याकडे जातो. १५३४ चा बहादूरशहाचा तह, मे १७३९ मधला चिमाजी अप्पांचा विजय, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेलेली चर्चची घंटा, १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाचा तह. लेबलवर पडकी कमान, खाली सोनेरी अक्षरांत जुनं पोर्तुगीज नाव, झालं काम. मला हे आळशीपणाचं वाटतं. दगडी तटबंदीचा त्या पेयाच्या चवीशी काय संबंध? शिवाय एकाला विजय वाटतो तिथे दुसऱ्याच्या घराण्याची पडझड असते. हे गाव दोन्ही आठवणी सांभाळून आहे, बाटलीच्या निमित्ताने त्यांना उगाच डिवचायचं कशाला?

त्याहून मागे गेलात तर शेजारचं जुनं बंदर सोपारा आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या पुस्तकात या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत सोपाऱ्याचं नाव येतं. त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन आहे आणि तीत इटलीच्या वाइनला पहिली पसंती असल्याची नोंद आहे. म्हणजे इटलीचं मद्य या किनाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. लेबलवाल्यांनी हे हेरलं तर त्यांना किल्ला लागणारही नाही.

पण माझ्या मते वसईचा खरा पेय-इतिहास कायद्याच्या कागदांत आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाच्या रसाची आणि त्यापासून गाळलेल्या मद्याची नोंद केली आहे. माडी काढण्याचं काम पिढीजात. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, बांधायची, ठोकायची, तिचं टोक रोज कापत राहायचं आणि खाली मडकं अडकवायचं. सूर्य उगवायच्या आत उतरवली तर नीरा, मडक्याला आतून चुना लावला तर ती टिकते, नाहीतर दुपारपर्यंत आपोआप माडी होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या कामावर सरकारची पकड घट्ट झाली. प्रत्येक छेव द्यायच्या झाडावर कर लागला, गावोगावच्या भट्ट्या बंद होऊन गाळप मोजक्या मक्तेदारांच्या हाती गेलं. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. कारण साधं होतं. फुलं झाडाखाली फुकट पडतात, आदिवासी ती वेचून घरीच दारू गाळतात, मग सरकारच्या तिजोरीत काय पडणार? म्हणून फूलच ताब्यात घ्यायचं. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि जी कला महसुलाच्या आड येत होती ती आता गुन्हा ठरली. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत टिकले, तिथे १९४९ ची ही दारूबंदी लागू झाली नाही. फेणीवाला परवानाधारक राहिला, आपला गाळणारा हातभट्टीवाला झाला. वसईची बाटली नसण्याचं कारण मला इथे दिसतं.

म्हणून वसईचं अपेरिटिफ काढणाऱ्याने चव शोधावी ती वाडीत. पहिली आगाशीची सुकेळी. राजेळी केळी पिकवून, सोलून मांडवावर उन्हात वाळवतात, मग वाळक्या पानांत गुंडाळून बांधतात. हातात घेतली की बोटांना चिकटते, रंग काळसर सोनेरी, आणि आतला गोडवा जळक्या साखरेच्या जवळ जाणारा. व्हर्मुथला जी साखर लागते तिचा काही भाग हिच्याकडून घेता येईल. दुसरं वसईचं विड्याचं पान. त्याचा लवंगेसारखा तिखट वास मद्यार्कात छान उतरतो. तिसरी गोष्ट ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली खिमाड. दालचिनी, लवंग, गवती चहा, साखर घालून उकळलेली आणि गरमच द्यायची देशी दारू, लग्नाकार्यात हमखास. मसाला मद्यात मुरवायचं तंत्र इथे आधीपासून आहे याचा हा पुरावा. प्रयोगशाळा नंतर लागेल, आधी त्या घरांत जाऊन बसावं लागेल.

जिल्ह्यात वाट दाखवणारे आहेत. बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने 'फ्रुझांते' या नावाने चिकूची फसफसती वाइन आणली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे बाटलीतलं फळ आणि कागदावरचं गाव एकच. डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीजने 'सिक्स ब्रदर्स' ही मोहाच्या मद्याची बाटली काढली, नाव चिनॉय घराण्यातल्या सहा भावांवरून. दोघांनी किल्ल्याचा आधार घेतलेला नाही. राज्य मंत्रिमंडळानेही एप्रिल २०२२ मध्ये काजूबोंडं आणि मोहाफुलांपासूनच्या मद्याचा दर्जा वाढवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा १८९२ च्या कायद्याची गाठ कुठेतरी सैल झाली असं म्हणता येईल.

तरीही हा घरगुती उद्योग नव्हे. स्वयंपाकघरात मद्य गाळून चव पाहिली तरी तो गुन्हाच. नव्या भारतीय जिनांपैकी बऱ्याच गोव्यात बनतात ते उगाच नाही, तिथे दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात माल बनवून घेता येतो. वसईच्या नावाची बाटली गोव्यात भरली जाणं हा विनोद कुणाच्या वाट्याला येऊ नये. लेबलावरही हात बांधलेले आहेत. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे मद्याच्या बाटलीवर आरोग्याचा कोणताही दावा चालत नाही, धोक्याची सूचना मात्र छापावीच लागते. म्हणजे ज्या गुणासाठी हे पेय जन्माला आलं, तो 'भूक लागते' हा गुण लिहायची सोय नाही. जाहिरातीवर बंदी वेगळीच. महाराष्ट्रात वाइन-बिअरला वयाची अट २१, कडक मद्याला २५. मद्यार्क मिसळला की आपलं पेय कोणत्या रकान्यात बसतं, हे पहिल्या दिवशीच अबकारी खात्याकडून लिहून घ्यावं, नाहीतर किंमत आणि गिऱ्हाईक दोन्ही हातचे जातात.

पुढच्या लेखांकात परवाना आणि भांडवल. तोवर एक विनंती. वसई-विरार पट्ट्यात कुणाच्या घरी माडाच्या कराच्या जुन्या पावत्या, माडी काढण्याचे परवाने किंवा झाडावर मारलेल्या सरकारी क्रमांकाच्या आठवणी असतील, तर त्यांची छायाचित्रं साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावीत. मूळ कागद तुमच्याच कपाटात राहू द्या.