व्हिस्कीची पारख : आधी कूळ, मग गुण

आस्वादशास्त्र : लेखांक 7

धान्य आंबवून, त्याचे ऊर्ध्वपातन करून, लाकडी पिंपात मुरवलेले मद्य म्हणजे व्हिस्की. धान्य कोणते, भट्टी कोणत्या घडणीची, पिंप नवे की वापरलेले आणि ते कोणत्या हवेत किती काळ ठेवले, या चार गोष्टींवरून तिची शैली ठरते. गुण द्यायचे ते या शैलीच्या चौकटीत. धुरकट व्हिस्कीत धूर आहे म्हणून गुण कापले किंवा बर्बनमध्ये लाकडाचा गोडवा फार म्हणून नाक मुरडले, तर ती नुसती आवडनिवड झाली. म्हणून पेला हातात घेण्यापूर्वी बाटलीवरची चिठ्ठी वाचणे ही पारखीची पहिली पायरी आहे.

शैली कशी ओळखावी

स्कॉच सिंगल माल्ट एकाच आसवनीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिल या तांब्याच्या भट्टीत बनते. कोणतीही स्कॉच स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे मुरावी लागते. पिंप 700 लिटरपेक्षा मोठे चालत नाही आणि बाटलीतील मद्यार्काचे प्रमाण 40 टक्क्यांखाली जाता कामा नये. ब्लेंडेड स्कॉचमध्ये अनेक आसवन्यांच्या माल्टबरोबर गहू किंवा मक्यापासून केलेली हलकी ग्रेन व्हिस्की असते. आयर्लंडच्या पॉट स्टिल व्हिस्कीत मोड आणलेल्या बार्लीबरोबर कच्ची बार्लीही वापरतात. त्यामुळे तिला तेलकट, किंचित मसालेदार अंग येते.

अमेरिकेच्या बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतो आणि पिंप आतून जाळलेले, कोरे असावे लागते. कोऱ्या ओकमुळे व्हॅनिला, खोबरे आणि काकवी यांची आठवण देणारा गोडवा ठळक होतो. राय व्हिस्कीत किमान 51 टक्के राय हे धान्य असल्याने ती कोरडी आणि तिखटसर लागते. बर्बनचे पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. तीच वापरलेली पिंपे स्कॉटलंड, आयर्लंड आणि भारतात जातात, म्हणून भारतीय सिंगल माल्टमध्येही बर्बनची सावली जाणवते.

भारतात सर्वाधिक खपणाऱ्या व्हिस्कीचे कूळ वेगळे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत उसाच्या मळीपासून अतिशुद्ध मद्यार्क निघतो. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये या मद्यार्क तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभागच आहे. अशा मद्यार्काला स्वतःची चव जवळजवळ नसते. त्यात थोडे माल्ट मद्य, काही वेळा आयात केलेली स्कॉच आणि रंगासाठी कॅरॅमल मिसळून स्वस्त भारतीय व्हिस्की तयार होते. अलीकडे मळीऐवजी धान्याचा मद्यार्कही वापरला जातो. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून मळीचे पेय तिथे या नावाने विकता येत नाही. भारतीय बाजारात 42.8 टक्के हे मद्यार्काचे नेहमीचे प्रमाण आहे. हे पेय सोडा आणि बर्फ यांच्यासाठी बांधलेले असते. त्याला सिंगल माल्टच्या शेजारी ठेवून कोरे चाखणे आणि मग खाली ओढणे हा अन्याय आहे. सोड्यात त्याचा तिखटपणा बोचतो का, गोडवा चिकट वाटतो का, घोटानंतर कडवटपणा राहतो का, हे त्याचे खरे निकष.

उष्ण हवेतले माल्ट

पिंपातून दरवर्षी काही मद्य उडून जाते. स्कॉटलंडमध्ये या घटीला देवदूतांचा वाटा म्हणतात आणि तिथे तो वर्षाला सुमारे 2 टक्के असतो. गोवा आणि बंगळुरूच्या उष्णतेत तो 8 ते 12 टक्क्यांपर्यंत जातो. उष्णतेने लाकडातील द्रव्येही लवकर उतरतात. त्यामुळे इथले पाच-सहा वर्षांचे माल्ट रंगाने आणि ओकच्या चवीने स्कॉटलंडच्या बऱ्याच जुन्या माल्टसारखे भासते. फार काळ ठेवले तर लाकूड वरचढ होऊन चव कडू, तुरट होते आणि पिंपात उरतेही थोडेच. म्हणून बाटलीवरच्या वयाचा आकडा दोन हवामानांत सारख्या अर्थाने वाचता येत नाही. भारतीय माल्टच्या बाटल्यांवर अनेकदा वय छापलेले नसते, त्यामागे हेही एक कारण आहे.

या क्षेत्रात भारताचे नाव प्रथम गाजले ते अमृतमुळे. जे. एन. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये बंगळुरूत ही कंपनी स्थापली. तिचे सिंगल माल्ट 2004 मध्ये ग्लासगो येथे बाजारात आले. ते तिथे उतरवण्यापूर्वी नाव झाकून चाखायला दिले, तेव्हा चाखणाऱ्यांना ते स्कॉटलंडचेच वाटले होते. पुढे भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची धुरावर वाळवलेली बार्ली एकत्र आणणाऱ्या ‘अमृत फ्यूजन’ला व्हिस्की समीक्षक जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या 2010 च्या आवृत्तीत 97 गुण आणि जगात तिसरे स्थान मिळाले.

मराठी वाचकाला त्याहून जवळचे उदाहरण गोव्यात, सासष्टीतील कुंकळ्ळी येथे आहे. पॉल जॉन सिंगल माल्ट तिथे तयार होते. ते 2012 मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये आणि नंतर भारतात विक्रीस आले. शैलीचा अभ्यास करण्यासाठी याच घराण्यातील तीन बाटल्या सोयीच्या आहेत. ‘ब्रिलियन्स’मध्ये धूर नाही, ‘एडिटेड’मध्ये धुरावर वाळवलेल्या बार्लीचा थोडा अंश आहे आणि ‘बोल्ड’ पूर्णपणे धुरकट आहे. आसवनी एक, मद्यार्काचे प्रमाण तिन्हींत 46 टक्के. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो तो मुख्यतः धुराचा. हा धूर पीटचा, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाचा. ओली बार्ली त्याच्यावर वाळवताना फेनॉल गटातील द्रव्ये दाण्यांत शिरतात.

चाखण्याची तयारी

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि मद्यसेवनासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. एका बैठकीत तीन, फार तर चार नमुने घ्यावेत आणि प्रत्येकी 15 मिलिलिटर पुरे. एवढे तीन नमुने मिळून 45 मिली होतात, म्हणजे एका लार्ज पेगपेक्षा कमी. व्यावसायिक परीक्षक घोट थुंकतात, आणि व्हिस्कीचे मिश्रण जुळवणाऱ्या ब्लेंडरचे बरेचसे काम नुसत्या वासावर चालते. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. थुंकण्याचे भांडे जवळ ठेवणे त्यामुळेही शहाणपणाचे.

पेला पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. ग्लेनकेर्न पेला 2001 पासून याच कामासाठी प्रचारात आहे. तो नसल्यास वाइनचा लहान पेला चालतो. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास निसटतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीचे तापमान सहज 33-34 अंशांवर जाते. तेव्हा मद्यार्काची वाफ जोरात उठते आणि नाकाला फक्त तीच लागते. म्हणून उन्हाळ्यात चाखणे सकाळी किंवा थंड केलेल्या खोलीत करावे. उदबत्ती, अत्तर, स्वयंपाकघरातली फोडणी या वेळी दूर हवी. चखणाही नंतर. ठेचा किंवा तिखट फरसाण खाऊन बसलेल्याने गुण देऊच नयेत, कारण मिरचीतील कॅप्सायसिन आणि मद्यार्क तोंडातील उष्णता जाणणाऱ्या एकाच ग्राहकाला (रिसेप्टरला) डिवचतात. हा ग्राहक एरवी सुमारे 42 अंशांना जागा होतो, तर मद्यार्काच्या सान्निध्यात 34 अंशांनाच. शरीराचे स्वतःचे तापमान 37 अंश असल्याने व्हिस्की जाळते असे वाटते. आधीच मिरचीने पेटलेल्या तोंडाला तिचा खरा तिखटपणा मोजता येत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. हलकी आधी आणि भारी नंतर, तसेच धुरकट सर्वांत शेवटी. धूर एकदा तोंडात बसला की पुढच्या नमुन्याचा नाजूक वास पोचत नाही.

नाक, जीभ आणि पाणी

रंगाला गुण देऊ नयेत. स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालण्यास परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हा समज फसवा ठरतो. पेला ओतल्यावर काही मिनिटे स्थिर ठेवावा. नाक आत खुपसू नये. तोंड किंचित उघडे ठेवून, पेल्याच्या कडेपासून थोड्या अंतरावर हलका श्वास घ्यावा. दोन-तीन श्वासांनंतर नाक थकते. तेव्हा स्वतःच्या बाहीचा वास घेऊन पुन्हा पेल्याकडे वळावे.

एडिनबरोतील पेंटलँड्स संशोधन संस्थेने 1979 मध्ये व्हिस्कीच्या वासांचे चक्र तयार केले आणि परीक्षकांना एक समान भाषा मिळाली. त्यातले काही वास मराठी स्वयंपाकघरात सहज सापडतात. ओकमधील लॅक्टोन सुक्या खोबऱ्याचा वास देतात. लवंगेतले युजेनॉल ओकमध्येही असते. पिकलेल्या केळ्याचा वास किण्वनात तयार होणाऱ्या एस्टरमुळे येतो, तर शेरीच्या पिंपातून बेदाणे आणि खारकेची आठवण येते. पीटच्या धुरात ग्वायाकॉल असते. त्याचा वास हुरडा भाजणाऱ्या आगटीच्या जवळ जातो. क्रेसॉलचा वास मात्र दवाखान्याकडे नेतो. उकडलेल्या कोबीचा किंवा ओल्या काडेपेटीचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो. तो अगदी थोडा असेल तर खपतो, वाढला की दोष. खोबरे, लवंग, वेलदोडा, जायफळ, बेदाणे, केळे अशा वाट्या शेजारी मांडून आळीपाळीने हुंगल्या, तर मोघम ‘छान वास’ या शेऱ्याच्या जागी नेमके नाव लिहिता येते.

घोट लहान घ्यावा आणि काही सेकंद जिभेवर सगळीकडे फिरवावा. गोड, आंबट, कडू, खारट अशा मोजक्या चवीच जिभेला कळतात. बाकीची चव घशामागून नाकात चढणाऱ्या वासाची असते. घोट घेताना नाक चिमटीत धरले की व्हिस्की सपाट होते आणि सोडले की फुलते, यावरून हे लगेच पटते. घोट उतरल्यावर चव किती वेळ टिकते, कशी बदलते आणि शेवटी गोड राहते की तुरट, यावरून शेवटाचे गुण ठरतात.

यानंतर पाणी. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रॅन फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकीय प्रारूपावरून दाखवले की, मद्यार्क 45 टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागापाशी राहतात आणि प्रमाण 59 टक्क्यांवर गेले की आत ओढले जातात. पाण्याने वास खुलतो, या जुन्या अनुभवाला त्यामुळे एक शास्त्रीय आधार मिळाला. 46 टक्क्यांच्या 15 मिली व्हिस्कीत सुमारे 8 मिली पाणी घातले की प्रमाण 30 टक्क्यांवर येते, आणि सुमारे 20 मिली घातले की 20 टक्क्यांवर. या दुसऱ्या पातळीवर ब्लेंडर वासाची तपासणी करतात, कारण तिथे दोष लपत नाहीत. पाणी औषधाच्या मापटोपीने, खोलीच्या तापमानाचे घालावे. बर्फाने वास दबतो.

गुणांचे गणित

शंभरपैकी गुण देण्याची पद्धत व्हिस्कीत रूढ करणाऱ्यांत मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाचा मोठा वाटा आहे. त्याचा ‘माल्ट व्हिस्की कंपॅनियन’ 1989 मध्ये आला. जिम मरे वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी 25 गुण देतात. घरी वापरायला ही विभागणी सोपी आहे. तोल म्हणजे पहिल्या तिन्ही भागांत एखादी एकच चव बाकीच्यांना दडपते का, याचा हिशेब. धुरकट माल्टमध्ये धुराखाली धान्याचा गोडवा जाणवत असेल तर तोल साधला. बर्बनमध्ये कोऱ्या ओकचा गोडवा असूनही शेवट कोरडा, स्वच्छ उतरत असेल तर तिथेही साधला.

छापील गुण वाचताना त्यांचा पल्ला ध्यानात घ्यावा. कागदावर शंभराची फूटपट्टी असली तरी बहुतेक गुण 75 ते 95 या पट्ट्यातच पडतात. म्हणून 80 गुण म्हणजे शाळेतली विशेष प्रावीण्याची श्रेणी नव्हे. स्पर्धांची पदकेही क्रमवारी नसतात. ठरावीक पातळी गाठलेल्या अनेक बाटल्यांना एकाच वर्षी सुवर्णपदक मिळू शकते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत सर्व परीक्षकांनी सुवर्ण दिले तरच दुहेरी सुवर्ण ठरते. प्रवेशशुल्क भरून आलेल्या बाटल्यांमध्येच ही निवड होते. जी बाटली स्पर्धेत उतरलीच नाही तिच्याबद्दल पदकांची यादी काही सांगत नाही.

परीक्षकाचीही परीक्षा घेता येते. दुसऱ्या माणसाकडून नमुने ओतून घ्यावेत, पेल्यांना फक्त क्रमांक द्यावेत आणि चारपैकी दोन पेल्यांत नकळत एकच व्हिस्की ठेवायला सांगावे. या जुळ्या पेल्यांच्या गुणांत दोन-तीनचा फरक पडला तर चाखणारा बऱ्यापैकी स्थिर आहे. फरक दहाचा असेल, तर त्या बैठकीतल्या 84 आणि 88 मधल्या भेदाला अर्थ उरत नाही. अनेक जण मिळून चाखत असतील तर शेरे आधी लिहावेत आणि बोलणे नंतर, कारण पहिल्याने ‘वेलदोडा’ म्हटले की सगळ्यांना वेलदोडा येऊ लागतो. सरासरीऐवजी मधला गुण धरावा, म्हणजे एखाद्याच्या टोकाच्या नावडीने निकाल झुकत नाही.

गुणपत्रिकेत किंमत आणि वय यांना रकाना नसावा. त्या दोन्ही गोष्टी नावे उघड झाल्यावर शेजारी लिहाव्यात. 2,000 रुपयांच्या बाटलीला मिळालेले 82 गुण आणि 8,000 रुपयांच्या बाटलीला मिळालेले 85 गुण समोरासमोर आले की कोणती विकत घ्यायची, हा निर्णय गुणांपेक्षा खिशाचा होतो. प्रत्येक नोंदीवर मात्र शैलीचे नाव, मद्यार्काचे प्रमाण, घातलेले पाणी आणि तारीख हवीच. या चार नोंदी नसतील तर दोन बैठकींतल्या गुणांची तुलना करता येत नाही.

(पुढील लेखांकात : गोव्याची काजू फेणी)