घरी जोडलेल्या गाडीला अल्टरनेटर कुठला? कंग्राळीचा प्रश्न, होडीवाल्यांनाही लागू

मंडळी, या वेळचा विषय जरा घाटावरचा आहे. आपल्या एका सभासदाचा भाचा बेळगावजवळ कंग्राळीत राहतो. उद्यमबागेत लेथवर कामाला आहे आणि घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं एक गाडी जोडतोय. चौकट पाइपची, वेल्डिंग स्वतःचं. बॉडी फायबरची. इंजिन भंगारातल्या एका पेट्रोल गाडीचं. इंजिन चालतंय, गिअर पडतात, ब्रेक लागतात. गाडी अडलीय ती अल्टरनेटरवर, कारण इंजिनाबरोबरचा मूळ अल्टरनेटर भंगारवाल्यानं आधीच विकून टाकला होता. दुकानात ३५ अँपिअरपासून १२० अँपिअरपर्यंत सगळं मिळतंय, कुठला घेऊ, असं त्यानं मामाला विचारलं. मामांनी प्रश्न आमच्याकडे सरकवला.

मासेमारीच्या पानावर गाडीचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण आपल्या होडीच्या इंजिनावर बसतो तो अल्टरनेटरही बहुतेक वेळा गाडीचाच असतो, आणि त्याची निवड करताना आपणही त्याच चुका करतो. त्यामुळे उत्तर दोघांना मिळून देतोय.

घरी गाडी जोडणारा हा काही पहिला नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची छोटी गाडी २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. भंगारातले भाग, दुचाकीचं इंजिन, आणि सुरू करायला मोटारसायकलसारखी किक. आनंद महिंद्रांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. आम्हाला त्यातली किक फार आवडली. किक म्हणजे सेल्फ नाही, सेल्फ नाही म्हणजे मोठी बॅटरी नाही, आणि चार्जिंगचा निम्मा ताप तिथंच संपला. कंग्राळीच्या गाडीला मात्र सेल्फ आहे, मोठे दिवे आहेत, रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा आहे. तिला नीट हिशेब करावाच लागणार.

पहिला गैरसमज सेल्फचाच. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो म्हणून अल्टरनेटरही तसाच दांडगा हवा, असं पुष्कळांना वाटतं. सेल्फला करंट देते ती बॅटरी, तेही दोन-तीन सेकंद. तेवढं गेलेलं अल्टरनेटर मिनिट-दोन मिनिटांत भरून काढतो. अल्टरनेटरला ओझं होतं ते तासन् तास चालू राहणाऱ्या गोष्टींचं. म्हणून पावसाळ्यातली रात्र धरून मोजायचं. हेडलाइटचे दोन बल्ब ६० वॅटचे, म्हणजे १२० वॅट. साडेतेरा व्होल्टला भागलं की झाले ९ अँपिअर. मागचे दिवे आणि मीटरचे दिवे मिळून अडीच. इग्निशन आणि पेट्रोलचा पंप धरून आठ. पंखा बारा. वायपर चार. एकूण साधारण ३६ अँपिअर. वर पाव हिस्सा बॅटरी भरायला धरा, ४५ आले. हॉर्न क्षणभराचा, तो सोडून द्या. हे आकडे अंदाजाचे आहेत. प्रत्येक बल्बवर वॅट लिहिलेले असतात आणि पंख्याचा करंट क्लॅम्प मीटरने दोन मिनिटांत कळतो, तेव्हा आपल्या गाडीचे आकडे आपणच काढावेत.

आता ४५ चा हिशेब आला म्हणून ४५ चाच अल्टरनेटर घ्यायचा का? इथंच सगळे फसतात. पाटीवरचा आकडा हा अल्टरनेटर मिनिटाला सहा हजार फेरे फिरत असतानाचा असतो. इंजिन स्लोवर, नुसतं उभ्याउभ्या चालू असेल तेव्हा अल्टरनेटर अठराशेच्या आसपास फिरतो आणि पाटीच्या निम्मं किंवा त्याहून कमी देतो. दरड कोसळल्यामुळे आंबोली घाटात रांग लागलीय, पाऊस, धुकं, दिवे-वायपर-पंखा सगळं चालू. ४५ वाला तिथं वीस-बावीस देईल आणि वरचे चौदा-पंधरा अँपिअर बॅटरीतून जात राहतील. तासाभरात हेडलाइट पिवळे पडायला लागतात. आपली मासळी घेऊन रात्री घाट चढणाऱ्या टेम्पोवाल्यांना हे सांगायला नको.

म्हणून आमचं मत ६० ते ६५ अँपिअर. शंभर-सव्वाशेचा घेऊन फायदा नाही. तो जड, त्याला ब्रॅकेट मजबूत लागतं, आणि पूर्ण लोड आला तर एकेरी व्ही-बेल्ट घसरतो. वीज फुकट मिळत नाही हेही ध्यानात असू द्या. १४ व्होल्टला ६० अँपिअर म्हणजे ८४० वॅट, आणि वाटेतली गळती धरली तर ते काढायला इंजिनाचे जवळजवळ दोन हॉर्सपॉवर जातात.

जुन्या बाजारात घेताना दोन गोष्टी बघायच्या. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरने किती चार्ज करायचं हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. असला अल्टरनेटर घरच्या गाडीला लावला तर त्याला हुकूम देणारं कुणीच नसतं. रेग्युलेटर आतच असलेला साधा घ्यावा : एक जाड बोल्ट बॅटरीकडे, एक बारीक वायर डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे, फार तर एक चावीकडे. दुसरी गोष्ट पाठीमागची. जुन्या डिझेल गाड्यांच्या बऱ्याच अल्टरनेटरना मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, इंजिनाच्या ऑइलवर चालणारा, ब्रेक बूस्टरसाठी. कंग्राळीची गाडी पेट्रोलची, तिला हा पंप नको. पण डिझेल इंजिन बसवणाऱ्यानं उलट काळजी घ्यावी. स्वस्त मिळाला म्हणून पंप नसलेला लावला तर दिवे लख्ख लागतील आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं होईल. हे उतारावर कळून उपयोग नाही.

आणि हो, आमच्याकडचे जुने मेकॅनिक अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. खरा डायनामो वेगळा. तो स्लोवर जवळजवळ काहीच देत नसे. १९६० मध्ये क्रायस्लरने अमेरिकेत व्हॅलिअंट गाडीला अल्टरनेटर दिला आणि पुढे सगळीकडे डायनामो मागे पडला. दुकानात नाव काहीही सांगा, वस्तू बघून घ्या.

बसवण्यात भाच्याचा हात आमच्यापेक्षा चांगला, तरी सांगतो. पुलीचा हिशेब आधी. इंजिनाची पुली १३० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ६० असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्याला अल्टरनेटर सव्वादोनच्या जरा आत फिरतो. स्लोवर ८५० म्हणजे तिकडे १८४०, आणि इंजिन सहा हजारावर नेलं तर तेरा हजार. गाडीच्या अल्टरनेटरला हे झेपतं. पुली याहून लहान करण्याचा मोह टाळावा, बारीक पुलीवर बेल्टची पकड कमी राहते.

ब्रॅकेट जाड पट्टीचं करा आणि ते इंजिनालाच धरलेलं हवं, चौकटीला नाही. इंजिन रबरावर हलतं, चौकट हलत नाही. मध्ये बेल्ट मरतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा लावून बघा. मिलिमीटरभर फरक चालेल, तीन-चार नाही. बेल्ट अंगठ्यानं मधोमध दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. जास्त ताणला तर बेरिंग ओरडायला लागेल. एक्झॉस्टच्या शेजारी अल्टरनेटर टांगू नका, आतले डायोड उष्णतेनंच जातात. जागा दुसरी नसेलच तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्या. इंजिनाच्या उलट्या बाजूला तोंड करून बसवला तर फिरण्याची दिशा उलटते. वीज तशीही तयार होते, पण पंख्याची पाती एका दिशेसाठी कापलेली असतील तर वारा नीट बसत नाही आणि अल्टरनेटर तापतो.

वायरिंगकडे आम्ही मुद्दाम येतोय, कारण इथं गाडी आणि होडी सख्ख्या बहिणी आहेत. पत्र्याच्या गाडीत अर्थ बॉडीतून परत येतो. फायबरच्या बॉडीतून काहीच परत येत नाही. प्रत्येक दिव्याला, पंख्याला निगेटिव्हची वेगळी वायर द्यावी लागते. त्यातून इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे इंजिन ते चौकट आणि चौकट ते बॅटरी असे दोन जाड अर्थ पट्टे हवेतच. ते विसरले की करंट भलतीकडून वाट शोधतो, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, आणि केबल तापते. अल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून बॅटरीपर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, दाबून बसवलेल्या लगसह. बॅटरीजवळ ८० अँपिअरचा फ्यूज टाका. घरगुती वायरिंगची उरलेली वायर तिथं अजिबात नको. तिनंच आग लागते.

डॅशबोर्डवरचा तो लाल बॅटरीचा दिवा शोभेचा नाही. त्यातून जाणाऱ्या थोड्याशा करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. दोन-तीन वॅटचा साधा बल्ब लावा. एलईडी लावायचाच असेल तर त्याला समांतर रेझिस्टर जोडा, नाहीतर रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होणार नाही आणि नव्या अल्टरनेटरला उगाच नाव ठेवलं जाईल.

मग मीटर लावून बघायचं. इंजिन बंद, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास. इंजिन चालू, थोडी रेस, १३.८ ते १४.४. आता दिवे, पंखा, वायपर सगळं चालू करून स्लोवर सोडा. तेरा व्होल्टच्या वर टिकलं तर काम झालं. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, लगेच बंद करा. चार्जिंग होतंय का बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची जुनी पद्धत पूर्ण सोडा. त्या एका झटक्यात डायोड उडतात. चौकटीला पुन्हा वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा आणि अल्टरनेटरची वायर मोकळी करा.

रस्त्याचं काय, हेही भाच्यानं विचारलंय. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मंजुरी नसलेल्या घरगुती गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. शेतात, आवारात चालवावी.

आता होडीवाले. आपलं डिझेल इंजिन सहाशेवर स्लो चालतं आणि दोन हजारांवर काम करतं. गाडीवरचा अल्टरनेटर गाडीच्याच पुलीच्या हिशेबानं लावला तर स्लोवर तो तेराशेच फिरतो, म्हणजे जवळजवळ काहीच देत नाही. जाळं ओढताना आपण स्लोवरच असतो, आणि त्याच वेळी डेकवरचे दिवे, वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर सगळं चालू असतं. इंजिनाची पुली मोठी करून एकास तीन करा. स्लोवर अठराशे, कामावर सहा हजार, म्हणजे पाटीवर लिहिलंय तेवढं सगळं मिळेल. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, खाऱ्या हवेत साधं तांबं आतून हिरवं पडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. लग बसवल्यावर वर ग्रीस लावा, आणि बिल्जच्या पाण्याचा शिंतोडा येणार नाही इतका अल्टरनेटर वर घ्या.