सफेद मुसळीचे बेणे: एकाच वाणावर विसंबू नका



मेळघाटच्या रानात पहिला पाऊस पडला की सफेद मुसळी आपोआप उगवते. मुंबईच्या बोरिवलीवरून तिचे शास्त्रीय नाव पडले, क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. औषधाला तिच्या मुळ्याच लागतात. मुळ्या खणल्या की झाड गेले, आणि बी गळण्याआधीच खणले तर पुढची पिढीही गेली. म्हणूनच रानातली मुसळी दुर्मिळ होत चालली आहे.

अकोला-अमरावतीकडे काही शेतकरी मुसळी शेतात घेतात. ते विचारतात, “साहेब, बेनं घरचंच हाये, मंग रानातल्या मुसयीची चिंता कायले?”

याचे उत्तर संत्र्याच्या बागेत आहे. एकाच झाडाचे डोळे बांधले की सारी कलमे त्या झाडासारखीच निघतात. मुसळीचेही तसेच. डोळ्यासहित मुळी लावली की येणारे झाड मूळ झाडाचीच नक्कल असते. त्या झाडाला मूळकूज सोसत नसेल, तर साऱ्या वाफ्यालाच सोसणार नाही. बियापासून आलेली झाडे मात्र थोडीफार वेगवेगळी असतात. एखादे रोगाला टिकते, एखादे पावसाची ओढ सहन करते, एखाद्याच्या मुळ्या जाड भरतात. पुढे चांगला वाण याच वेगळेपणातून निवडता येतो. रानातली मुसळी संपली की ही निवडच संपली.

तेव्हा एवढे करा:

१. बेणे एकाच वाफ्यातून न घेता अनेक निरोगी झाडांपासून घ्या. पावसाळ्यातच अशा झाडांजवळ खुंटी रोवून ठेवा.

२. मुळ्या पोसाव्या म्हणून फुलांचे दांडे खुडतात. निदान एक ओळ बियासाठी राखा. बी कांद्याच्या बियासारखे काळे असते.

३. बी कमी उगवते, म्हणून गादीवाफ्यावर दाट पेरा. पहिल्या वर्षी मुळ्या बारीक राहतात. त्याच पुढच्या जूनमध्ये लावा.

४. दुसऱ्या गावचे बेणे आणले तर वेगळ्या वाफ्यात लावा, नाव लिहून पाटी ठोका.

५. बेण्यासाठी अभयारण्यात खणू नका. तो गुन्हा आहे. गावच्या शिवारात मुसळी असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे असलेल्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत तिची नोंद करवून घ्या.

लागवडीआधी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला जरूर घ्या. आणि यंदा बियाची एक ओळ राखायला विसरू नका.