बत्तीस दातांच्या तोंडात ३६ नंबरची दाढ

दात भरून घेतल्यावर दवाखान्यातून जी पावती मिळते, तिच्यावर बरेचदा एवढंच असतं: ३६, डीओ, कंपोझिट आणि पुढे रक्कम. तोंडात दात बत्तीस, मग हा छत्तिसावा कुठून आला, असा प्रश्न हिंगणघाटपासून आर्वीपर्यंत कुणालाही पडेल.

३६ हा दाताचा पत्ता आहे. तोंडाचे चार भाग धरतात. पेशंटची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३ आणि खालची उजवी ४. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जायचा. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची सहावी, पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांचे भाग ५ ते ८ असतात, म्हणून लेकराच्या कागदावर ८५ दिसला तरी घाबरायचं कारण नाही. काही डॉक्टर अधिकच्या चिन्हासारखी आकृती काढून तिच्या एका कोपऱ्यात ६ लिहितात, अर्थ तोच.

‘एका दाताचे एवढे’ हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. पैशांवरून कुरबुर होते ती बहुतेक इथूनच. शेजारणीची दाढ कमी पैशात भरली आणि आपल्याला जास्त लागले, की डॉक्टरांनी लुटलं असं वाटतं. पण दाढेला पाच बाजू असतात: चावायची, गालाकडची, जिभेकडची, पुढच्या दाताला लागलेली आणि मागच्या दाताला लागलेली. कीड फक्त चावायच्या बाजूवर असेल तर काम सोपं. ‘डीओ’ म्हणजे चावायची बाजू आणि मागची बाजू, दोन्ही किडलेल्या. तिथे दाढेभोवती धातूची पातळ पट्टी बसवावी लागते, दोन दातांच्या फटीत पाचर घालावी लागते आणि पाडलेली भिंत नव्याने उभी करावी लागते. ‘एमओडी’ असेल तर पुढची भिंतही गेलेली. वेळ वाढतो, साहित्य वाढतं, पैसेही वाढतात.

दुसरा फरक दातात भरायच्या मसाल्याचा. ‘चांदी भरली’ म्हणतात ते महाग असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या मिश्रणात जवळपास निम्मा पारा असतो, आणि ते स्वस्त पडतं. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. पांढरं भरण सगळं एकच, हेही खरं नाही. ग्लास आयनोमर, म्हणजे आपण ‘सिमेंट’ म्हणतो ते, दाताला स्वतःहून चिकटतं आणि फ्लोराइड सोडतं. दुधाच्या दातांना, हिरडीजवळच्या झिजेला चांगलं, पण चावण्याच्या जोराला कमी टिकतं. कंपोझिट थराथराने भरून निळ्या प्रकाशाने कडक करतात, आणि तेवढा वेळ दात कोरडा ठेवावा लागतो. लहान शहरातल्या खासगी दवाखान्यात सिमेंटचं काम साधारण काही शे रुपयांत होतं. कंपोझिटला हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागू शकतात. कीड दाताच्या नसेपर्यंत गेली तर रूट कॅनल आणि वरून कॅप, म्हणजे खर्च कित्येक पट.

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या भाच्याच्या बिलावर डी२३९२ असा कोड दिसतो. तो तिथल्या दंतवैद्यक संघटनेचा: मागचा दात, कंपोझिट, दोन बाजू. आपल्याकडच्या खासगी दवाखान्यांवर असं कोडपुस्तक बंधनकारक नाही. काही बिलांवर ९९९३१२ छापलेलं असतं, पण तो कराच्या खात्यासाठी लागणारा सेवेचा वर्ग आहे. तुमच्या दाढेशी त्याचा संबंध नाही. त्यावरून जीएसटी लागला असंही समजू नका. दाताच्या उपचाराला जीएसटी माफ आहे. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया तेवढ्या त्या सवलतीबाहेर.

‘महात्मा फुले योजनेत दात भरून मिळतो’ या भरवशावर कुणी थांबू नये. राज्य सरकारची ती आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. साध्या आरोग्य विम्यातही दात भरणं सहसा धरलेलं नसतं.

खासगी दवाखान्याला पर्याय म्हणून वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी आपल्यावर हात साफ करतात, ही भीती मला अन्यायाची वाटते. दंत महाविद्यालयात विद्यार्थी काम करतात ते शिक्षकांच्या देखरेखीखाली. वेळ जास्त जातो, एखादी खेप वाढते, पण दंत महाविद्यालयांत खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो. मजुरी बुडवून यावं लागणाऱ्याने एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरूनच हिशेब करावा.

आणि ज्या समजापायी मुलांच्या दाढा जातात, तो हा: ‘दुधाचीच आहे, पडेल.’ पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता येते. म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्यावरचा काळा ठिपका दिसला की लगेच दाखवा; तेव्हा काम एका बाजूचं आणि थोडक्यात असतं.

दात कोरायला घेण्याआधी विचारा: कोणता दात, किती बाजू, कोणता मसाला, एक्स-रेचे पैसे यात धरलेत का. बिल मागायला संकोच नको. सेवा देऊन बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती जपून ठेवा. दोन वर्षांनी भरण निघालं तर नव्या डॉक्टरला आत काय भरलं होतं ते तिच्यावरूनच कळेल.