मुनीम आणि मुखत्यारपत्र
कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक कचेरीतील ई-मेल, दिनदर्शिका व हिशेब यांना जोडण्याकडे कल वाढत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केला. दहा साहाय्यक आणि वीस प्रणाली यांना एरवी दोनशे जोडण्या लागतील. समान संकेतामुळे तीस पुरतात. ही काटकसर खरीच. परंतु मुनिमाला पत्रे वाचू देणे निराळे, मुखत्यारपत्र देणे निराळे. त्यातून हा मुनीम असा, की परक्याच्या पत्रात दडलेली आज्ञाही धन्याचीच समजून पाळू शकतो! मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधील असा एक दोष जून २०२५ मध्ये उघड झाला. कंपनीने तो दुरुस्त केला. तथापि उद्या चुकीच्या खात्यात रक्कम गेली, तर भरपाई कंपनी देणार, की होकाराचे बटण दाबणारा कारकून?