युद्धातून जन्मलेला विषय
पहिल्या महायुद्धाच्या राखेतून, १९१९ मध्ये, वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन उभं राहिलं. त्यासाठी डेव्हिड डेव्हिस यांनी दिलेल्या देणगीमागे आशा होती की, युद्धं का होतात हे कळलं तर ती टाळता येतील. वीस वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. मग हा अभ्यास फोलच, असा आक्षेप निघतो. मला तो पटत नाही, कारण त्या आशावादाची कठोर चिकित्सा त्याच अध्यासनावरच्या ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये केली. सत्तेचं गणित डावलून केवळ नीतीच्या आधारावर शांतता टिकत नाही, आणि नुसत्या सत्तेवरही नाही, असं त्यांनी मांडलं. म्हणूनच या विषयाच्या विद्यार्थ्याला भाकितं शिकायची नसतात. स्वतःच्या देशाचा दावाही पुराव्यावर तपासायचा असतो.