शेवटच्या क्लिकचा मालक

वेबसाइटवर किती माणसं आली, हे सर्व्हरला कधीच कळलेलं नाही. त्याला कळतात फक्त मागण्या. १९९०च्या दशकात सर्व्हरच्या लॉग फाइलमध्ये जशी ओळ पडायची, जवळपास तशीच ती आजही पडते: आयपी पत्ता, तारीख-वेळ, मागितलेली फाइल, ती मिळाली की नाही, किती बाइट गेले, आधी कुठल्या पानावर होता, ब्राउझर कोणता. पानावर दहा चित्रं असली की एकाच माणसाच्या एकाच भेटीपोटी अकरा ओळी पडणार. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक ‘हिट’. सुरुवातीच्या काळात साइटवाले जाहिरातदारांना हेच हिट ऐकवायचे. आकडा वाढवायचा तर वाचक वाढवायची गरज नव्हती, पानावर चार चित्रं जास्त टाकली की भागायचं.

मग आयपी पत्ते मोजायची टूम निघाली. एक पत्ता म्हणजे एक माणूस, असा सोपा हिशेब. अमेरिकेत एओएलच्या ग्राहकांनी तो पहिल्याच दमात मोडला. एओएलचे लाखो ग्राहक मोजक्या प्रॉक्सी सर्व्हरमधून बाहेर पडायचे, त्यामुळे हजारोंचा एक पत्ता दिसायचा. उलट एकाच ग्राहकाच्या सलग मागण्या वेगवेगळ्या पत्त्यांवरूनही यायच्या. आपल्याकडे २०००च्या आसपास सायबर कॅफेंनी याच्यावर कडी केली. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी एका कनेक्शनवर आठ-दहा संगणक आणि प्रत्येकापुढे रांग. मोजणाऱ्याच्या लेखी अख्ख्या रांगेचा एकच पत्ता.

कुकी आली ती यावरचा तोडगा म्हणून नव्हे, पण उपयोगी पडली ती इथेच. नेटस्केपमधल्या लू मॉन्टुलीने जून १९९४मध्ये ती बनवली. ब्राउझरने सर्व्हरची एक चिठ्ठी जपून ठेवायची आणि पुढच्या वेळी दाखवायची, एवढंच तिचं काम. खरेदीची टोपली ग्राहकाच्याच मशीनवर लक्षात राहावी, ही मूळ गरज. आणि तिचा पहिला वापर झाला तो नेटस्केपच्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, हे बघण्यासाठी. म्हणजे युनिक व्हिजिटर मोजणं तिच्या जन्मापासूनच तिच्या नशिबी होतं. दुसऱ्याच साइटने टाकलेल्या, म्हणजे थर्ड पार्टी कुकीज मुळातच बंद ठेवाव्यात, असं इंटरनेटच्या मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी १९९७मध्ये लिहूनही ठेवलं होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पुढची वीस वर्षं ऑनलाइन जाहिरातींच्या धंद्याने काढली ती या दुर्लक्षावरच.

२७ ऑक्टोबर १९९४ला हॉटवायर्ड या वेब-मासिकावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. त्यांचे पैसे जागेचे होते, मासिकातल्या पानासारखे. त्याच हिवाळ्यात सीडीनाऊ या सीडी विकणाऱ्या दुकानाने वेगळा व्यवहार मांडला: तुमच्या साइटवरून आमच्याकडे गिऱ्हाईक पाठवा, त्याने खरेदी केली तर कमिशन घ्या. जुलै १९९६मध्ये अॅमेझॉनने ‘असोसिएट्स’ सुरू केलं आणि ही कल्पना घरोघरी पोचली. प्रॉडिजीच्या बंद नेटवर्कवर फुलं विकणारे विल्यम टोबिन हे १९८९पासूनच करत होते, हे इतिहासात डोकावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण धंदा म्हणून अॅफिलिएट मार्केटिंगची सुरुवात सगळे अॅमेझॉनपासूनच धरतात.

इथून मोजणीला पैसे चिकटले. वाचक किती आले हा तोवर मिरवायचा आकडा होता. आता कुणामुळे खरेदी झाली यावर चेक फाटू लागला. त्यासाठी वापरात आलेला दुसरा आकडा म्हणजे कन्व्हर्जन रेट, आलेल्यांपैकी किती खरेदीपर्यंत पोचले त्याचा.

हा आकडा दिसतो तितका सरळ नाही. समजा, महिन्याभरात १०० ब्राउझर तुमच्या पानावर आले, त्यांच्या मिळून १४० भेटी झाल्या, दुकानाच्या लिंकवर २०० क्लिक पडले आणि ४ ऑर्डरी झाल्या. व्हिजिटरमागे धरलं तर कन्व्हर्जन ४ टक्के. भेटींमागे धरलं तर २.९. क्लिकमागे २. ही तीन उत्तरं झाली, चौथंही आहे: अॅमेझॉनच्या असोसिएट्स अहवालात कन्व्हर्जन म्हणजे ऑर्डर केलेल्या वस्तू भागिले क्लिक. त्या ४ ऑर्डरींत ७ वस्तू असल्या तर झाले ३.५ टक्के. एखाद्याने मिक्सरचा रिव्ह्यू वाचून क्लिक केलं आणि मिक्सर सोडून मुलीच्या वह्या, उशीचे अभ्रे आणि बेडशीट घेतलं, तरी एका क्लिकवर तीन वस्तू, म्हणजे ३०० टक्के. नवख्यांना हा अहवाल बघून आपल्या लेखणीत जादू आहे असं वाटतं. ‘आमचा कन्व्हर्जन रेट अमुक’ असं कुणी सांगितलं की छेदात काय घेतलं, हे विचारायची सवय मला या धंद्याने लावली. बहुतेक वेळा समोरच्यालाच ते माहीत नसतं.

युनिक व्हिजिटरचं दुखणं वेगळं. हा आकडा बेरजेला बसत नाही. सोमवारी ५० आणि मंगळवारी ५० आले म्हणजे दोन दिवसांत १०० आले असं होत नाही, कारण त्यातले तीस तेच असू शकतात. तरी रोजचे युनिक जोडून महिन्याचा आकडा काढलेली सादरीकरणं मी अजूनही बघतो.

एप्रिल २००५च्या सुमारास गुगलने सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबरमध्ये गुगल अॅनालिटिक्स फुकट खुलं केलं. गर्दी एवढी उसळली की आठवड्याभरात नवी नोंदणी थांबवावी लागली. तोवर जो हिशेब बघायला मोठ्या कंपन्यांना पैसे मोजावे लागत, तो आता कुठल्याही ब्लॉगवाल्याच्या स्क्रीनवर आला. त्याबरोबर एक खात्रीही आली की हा आकडा खरा आहे. २००७च्या एप्रिलमध्ये कॉमस्कोर या मोजणी करणाऱ्या कंपनीने त्या खात्रीला सुरुंग लावला. घरोघरच्या संगणकांच्या पॅनलवरून त्यांनी दाखवलं की अमेरिकेतले ३१ टक्के लोक महिन्याभरात फर्स्ट पार्टी, म्हणजे साइटने स्वतः टाकलेल्या कुकीजही पुसून टाकतात, आणि त्यामुळे कुकीवर मोजलेले युनिक व्हिजिटर अडीचपटीपर्यंत फुगू शकतात. दुसरीकडे साइटवाल्यांची तक्रार होती की पॅनलवरून काढलेले आकडे आमच्या लॉगपेक्षा फारच कमी भरतात. इंटरअॅक्टिव्ह अॅडव्हर्टायझिंग ब्यूरोच्या रँडल रॉथेनबर्ग यांनी त्याच महिन्यात कॉमस्कोर आणि नील्सनला जाहीर पत्र लिहून त्यांच्या पद्धतीचं ऑडिट मागितलं. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत एवढी तफावत होती आणि तरी दोन्ही आकडे पैशांच्या व्यवहारात बिनदिक्कत वापरले जात होते.

पण अॅफिलिएटवाल्यांचं खरं रामायण कुकी पुसली जाण्यात नव्हतं, ती टाकली जाण्यात होतं. या धंद्याचा मूळ नियम लास्ट क्लिकचा. खरेदीआधी ज्याची कुकी शेवटची, कमिशन त्याचं. जागा दाखवली एका एजंटाने आणि सहीच्या दिवशी दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्यानेच दलाली मारली, असा प्रकार यात रोज घडू शकतो. फरक इतकाच की इथे पहिल्याला तो कळतही नाही.

या नियमाचा सगळ्यात गाजलेला गैरफायदा घेतला गेला तो ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या बाबतीत. कुकी स्टफिंग म्हणजे वाचकाने काही क्लिक न करताच त्याच्या ब्राउझरमध्ये अॅफिलिएटची कुकी सोडणं. एखादं फुकट विजेट लोकांच्या पानावर लावायला द्यायचं, त्यात डोळ्याला न दिसणारी लिंक उघडायची, की झालं. तो माणूस पुढे कधीतरी आपणहून ईबेवर गेला आणि काही घेतलं, की कमिशन विजेटवाल्याला. शॉन होगन आणि ब्रायन डनिंग हे ईबेचे सगळ्यात मोठे अॅफिलिएट म्हणून गणले जात. ईबेने २००८मध्ये दावा लावला, एफबीआयने आधीच तपास सुरू केला होता, २०१०मध्ये आरोप ठेवले गेले आणि २०१४मध्ये शिक्षा झाल्या: होगनला पाच महिने, डनिंगला पंधरा. दोघांनीही गुन्हा कबूल केला होता. ईबेच्या तक्रारीतला एक तपशील मला विसरता येत नाही. बघणारा माणूस सॅन होजे किंवा सँटा बार्बराचा असेल तर कुकी टाकायची नाही, अशी सोय त्या कोडमध्ये असल्याचा आरोप होता. सॅन होजेत ईबेचं मुख्यालय आणि सँटा बार्बरात कमिशन जंक्शनचं, म्हणजे कमिशनचा हिशेब ठेवणाऱ्या नेटवर्कचं. तपासणाऱ्याने आपल्या टेबलावरून कितीही वेळा पान उघडलं तरी त्याला सगळं स्वच्छच दिसणार.

डॅशबोर्डवर ही चोरी उत्तम कामगिरी म्हणून दिसत होती, हे यातलं खरं दुखणं. ऑर्डरी खऱ्या, ग्राहक खरे, पैसेही खरे. खोटं होतं ते फक्त ‘याच्यामुळे’. आणि कुठल्याही रकान्यात ‘नाहीतरी घेतलंच असतं’ असा आकडा नव्हता. तो शोधायचा प्रयत्न पुढे ईबेवरच झाला. २०१२मध्ये तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःच्याच नावाच्या शोधावर दिलेल्या जाहिराती काही काळ बंद करून बघितल्या, तर बंद झालेले जवळजवळ सगळे क्लिक खालच्या फुकट लिंकवरून तसेच येत राहिले. जाहिरातीच्या अहवालात तोवर तेच क्लिक कमाई म्हणून मांडले जात होते.

आपल्याकडे हा धंदा रुजला तो २०१३च्या आसपास. जूनमध्ये अॅमेझॉन भारतात आलं, त्याच वर्षी कॅशकरो ही कॅशबॅकची साइट सुरू झाली. दोन गोष्टींनी इथल्या मोजणीला वेगळं वळण दिलं. पहिली कॅश ऑन डिलिव्हरी. ऑर्डर पडली म्हणजे विक्री झाली, हे समीकरण इथे लागू नाही. दारात माणूस ‘नको’ म्हणाला की माल परत आणि कमिशन रद्द. त्यामुळे अॅफिलिएटच्या पानावर ‘पेंडिंग’चा आकडा लठ्ठ आणि ‘अप्रूव्ह्ड’चा बारीक, परतीची मुदत संपेपर्यंत काहीच पक्कं नाही. ज्या कन्व्हर्जन रेटवर सगळे खूश असतात तो बहुधा पेंडिंगचा असतो.

दुसरी गोष्ट कॅशबॅक. वाचक तुमचा दोन हजार शब्दांचा फ्रिजचा रिव्ह्यू वाचतो, पटतो त्याला, आणि पैसे भरण्याआधी चार टक्के परत मिळतात म्हणून कॅशबॅकच्या साइटवरून जातो. शेवटचा क्लिक तिचा. अहवालात कॅशबॅकचा कन्व्हर्जन रेट डोळे दिपवणारा आणि रिव्ह्यूचा दयनीय. ग्राहकाचा यात दोष नाही. चार टक्के कोण सोडेल? पण त्या अहवालावरून दुकानाने रिव्ह्यूवाल्यांचे दर कमी केले तर ते कुणाचं मोजमाप करून, हा प्रश्न उरतोच.

जिओनंतर सगळं मोबाइलवर गेलं आणि कुकीचा धागा आणखी तुटका झाला. इन्स्टाग्राममधली लिंक इन्स्टाग्रामच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथून दुकानाचं अॅप उघडतं, आणि कुकी मागेच राहते. एका माणसाचे दोन व्हिजिटर. उलट घरातला एकच फोन चौघं वापरत असतील तर चौघांचा एक.

मग अॅपलने २०१७च्या सप्टेंबरात सफारीत ट्रॅकिंगला लगाम घातला. २०१९मध्ये पानातल्या स्क्रिप्टने टाकलेली फर्स्ट पार्टी कुकी सात दिवसांत मरू लागली. आठव्या दिवशी परतलेला वाचक नवाच गणला गेला: व्हिजिटर वाढले, कन्व्हर्जन घसरलं, लेखात मात्र काडीचाही बदल नव्हता. मार्च २०२०पासून सफारीने थर्ड पार्टी कुकीज पूर्ण बंद केल्या. क्रोममधून त्या दोन वर्षांत काढू, असं गुगलने जानेवारी २०२०मध्ये जाहीर केलं, पुढे मुदती वाढवल्या आणि जुलै २०२४मध्ये बेत सोडून दिला. त्या चार वर्षांत ‘कुकीनंतरचं जग’ या विषयावर वेबिनार घेणाऱ्यांचं बरं चाललं होतं.

बऱ्याच नेटवर्कांनी आता सर्व्हर-टू-सर्व्हर पद्धत धरली आहे. क्लिकला एक ओळखक्रमांक मिळतो, दुकान तो ऑर्डरीसोबत जपतं आणि विक्री झाली की नेटवर्कच्या सर्व्हरला परस्पर कळवतं. ब्राउझरवर विसंबणं कमी झालं, पण शेवटच्या क्लिकचा नियम हलला नाही. डिसेंबर २०२४मध्ये पेपॅलच्या हनी या कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनवर तोच आरोप झाला: पैसे भरायच्या पानावर अॅफिलिएटचा कोड बदलून दुसऱ्यांचं कमिशन स्वतःकडे वळवल्याचा. यूट्यूबवाल्यांनी अमेरिकेत दावे लावले. पेपॅलचं म्हणणं असं की आम्ही धंद्याचेच नियम पाळतो, लास्ट क्लिकसकट. मार्च २०२५मध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम कडक केला: ग्राहकाचा थेट फायदा होत नसेल तर अॅफिलिएट कोड घुसवायचा नाही.

गुगलचं जुनं अॅनालिटिक्स १ जुलै २०२३ला थांबलं. नव्या जीए-फोरमध्ये युझरचा मुख्य आकडा ‘अॅक्टिव्ह युझर’चा आहे, म्हणून जुन्या वर्षाशी तुलना केली की माणसं हरवल्यासारखी वाटतात. संमती न देणाऱ्यांच्या जागी अंदाजाने भरलेले आकडे त्यात मिसळता येतात. २०२४मध्ये ‘कन्व्हर्जन’चं नाव बदलून ‘की इव्हेंट’ झालं. आजही महिनाअखेरीस जीए-फोर आणि नेटवर्क अशा दोन खिडक्या शेजारी उघडल्या की दोन वेगळे हिशेब दिसतात आणि ते जुळवायचा नाद बहुतेकांनी सोडला आहे. बिल नेटवर्कच्या आकड्यावर निघतं, तेही परती वजा झाल्यावर.